चढावरचा बाक

प्रिय डोरीन,

गावात काय चाललंय ते तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगते. हे गाव म्हाताऱ्यांच्या सोयीचं आहे का, हे नगरपालिकेने आम्हालाच विचारायचं ठरवलं. त्यांच्याकडून थुई नावाची चुणचुणीत मुलगी सभागृहात आली. आम्ही तिने आणलेले स्कोन खाल्ले नि म्हणालो, सगळं झकास आहे. पण मला कोडं पडलं. झकास आहे, तर मग धक्क्यावर हल्ली आपल्या वयाचं कुणी दिसत का नाही? थुई म्हणाली, "चला, चालूनच बघू."

बेकरीसमोर आपला क्लॅरी अर्ध्या रस्त्यात असतानाच सिग्नल बदलला. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. क्लॅरीने बंपरवर काठी आपटली, "थांब की लेका, तूही म्हातारा होशील कधीतरी!" पलीकडे पोचल्यावर मात्र त्याने दिव्याचा खांब धरला, तो सोडेचना. डोळे अधू झाले म्हणून वाचनालय सोडलं, असं सांगायचा ना तो? डोळे ठणठणीत आहेत त्याचे. हा रस्ता ओलांडायची धास्ती होती. मग मला राहवेना, ज्याला त्याला विचारत सुटले. सुला पेट्रूने चर्चमधलं गाणं आवाज गेला म्हणून सोडलं नव्हतं. वाटेतल्या शौचालयाला कायम कुलूप! तिने ते माझ्या कानात सांगितलं, मी थुईला मोठ्याने. सुला माझ्याशी बोलेनाशी झाली. आता कुलूप निघालंय, सिग्नलही जरा दमाने बदलतो, आणि सुला पूर्वीइतकीच बेसूर गाते.

मग नगरपालिका नवे बाक बसवणार म्हणाली, त्यांवरून भांडणं. सगळ्यांना ते समुद्रासमोर हवे होते. मी म्हटलं, एक तुझ्या घराजवळच्या चढावर, वळणाशी. क्लॅरी ओरडला, "तिथून दिसतं काय? कचऱ्याचे डबे!" मी म्हटलं, "दिसत काही नाही रे, पण दम तिथेच लागतो." भांडून मिळवला. काल बसवून गेले.

गेल्या हिवाळ्यात तू त्याच वळणावर पडलीस. हाड जुळलं, पण तू फाटकाबाहेर आली नाहीस. म्हणालीस, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आपल्या खेळाची, लॉन बोल्सची, आवडच गेली. दार वाजवलं की आतून "डोकं दुखतंय" म्हणतेस, म्हणून हे दाराखालून सरकवते आहे. गुरुवारी सकाळी चहाचा थर्मास घेऊन तुला न्यायला येईन. मैदानापर्यंत चल म्हणत नाही. माझा हात धरून बाकापर्यंत ये. तेही जमत नसेल, तर दाराआडून सांग, "हेझल, मला भीती वाटते." मी पायरीवर बसून चहा पिईन. पण आवड गेली, असं मला पुन्हा सांगू नकोस.

तुझीच,
हेझल