कान माझे, मशीन चंदरचं

रविवार, ७ ऑक्टोबर २००१

व्हीआरएस घेऊन आठवडा झाला. सातपूरला कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली, पुरे आता. आजपासून रोजनिशी. संकल्प तीन: पहाटे फिरायला जाणे, तंबाखू बंद, आणि गाणं ऐकणे. निवांत बसून. सव्वीस वर्षं धाडधाड ऐकली, आता सूर ऐकू.

संध्याकाळी जुन्या कॅसेटी काढल्या. सगळ्या बाद. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. कमळला, म्हणजे आमच्या सौ.ना, विचारलं. तिला चांगल्या वाटल्या. तिला गाण्यातलं कळत नाही.

तंबाखू उद्यापासून.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

वाचनालयात लेख वाचला. कॅसेटमध्ये आवाजाचा वरचा भाग मरतो, रेकॉर्डमध्ये जिवंत राहतो म्हणे. म्हणजे मला आधीच जाणवलं होतं ते बरोबर. कान तयार असावा लागतो. कंपनीत प्रेसचा ठोका जरा बदलला की डाय, म्हणजे साचा, फुटायच्या आधी मी सांगायचो. सेफ्टीवाले दर वर्षी कानात घालायला नारिंगी बोळे द्यायचे. मी एकदाही घातले नाहीत. मशीन ऐकल्याशिवाय मशीन कळतं का?

रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा. ठरलं.

फिरायला गेलो नाही. थंडी.

शनिवार, २७ ऑक्टोबर

घेतला! पंचवटीत चंदर नावाचा एक साउंड सर्व्हिसवाला आहे. लग्नं, गणपती, दांडिया. यंदा दांडिया सगळा सीडीवर वाजवला, म्हणून रेकॉर्डचा डेक विकायला काढला. सेकंडहँड, पण जपानी. डायरेक्ट ड्राइव्ह. म्हणजे मध्ये रबरी पट्टा नाही, मोटरीवर थेट ताट. ताटाच्या कडेला ठिपके आहेत आणि शेजारी लाल दिवा. वेग बरोबर असला की ताट गरगर फिरतं आणि ठिपके मात्र जागच्या जागी उभे. हे पाहिलं आणि भाव करायचाच विसरलो.

चंदर जोडणीबद्दल बरंच काही सांगत होता, पण तोंड स्पीकरच्या खोक्यात घालून. मी मान डोलावली. सव्वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला काय शिकवायचं.

कमळला किंमत अर्धी सांगितली.

रविवार, २८ ऑक्टोबर

सकाळी सातपासून जोडणी. दुपारी बारापर्यंत काही वाजेना. शुभांगीने येऊन सुईवरची प्लास्टिकची टोपी काढली. (आमची एकुलती एक. तेवीस वर्षांची. कॉलेज रोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते.) टोपी मी काढणारच होतो.

मग वाजला. पण आवाज मुंगीएवढा.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून सात रेकॉर्डी आणल्या. येताना चंदरकडे गेलो, तक्रार केली. तो म्हणाला, काका, सांगितलं होतं ना, सुईचा आवाज बारीक असतो, तो वाढवायला मध्ये एक छोटी डबी लागते. मी म्हणालो, सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

डबी घेतली.

शनिवार, ३ नोव्हेंबर

डबी लावली. आवाज भरपूर, पण वरचा भाग गायब! तबला ठणठणीत, पेटी ठीक, झांजा आणि टाळ कुठे आहेत? बाई गाते पण शब्दांची टोकं झिजल्यासारखी. रेकॉर्डींवर धूळ बसली असणार. भांड्यांच्या साबणाने धुतल्या. दोन रेकॉर्डींची लेबलं निघाली, आता त्या कोणाच्या आहेत ते देव जाणे.

आवाज वाढवून पाहिला. वरच्या मजल्यावरचे लहानू आले. त्यांना त्रास होतो म्हणे. काही लोकांचे कान फार नाजूक.

शनिवार, १० नोव्हेंबर

घरातल्या वस्तू एकदमच बिघडायला लागल्या आहेत. दाराच्या बेलमधली चिमणी बोलत नाही. कमळ म्हणते, बोलते. कुकरची शिट्टी बदलली, तरी होत नाही. टेलिफोनची तिसऱ्यांदा तक्रार केली. लाइनमन आला, दहा मिनिटं कुणाशी तरी गप्पा मारल्या आणि लाइन एक नंबर आहे म्हणाला. यापुढे फोन कमळनेच उचलायचा. बातम्या देणारेसुद्धा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

तंबाखू दिवाळीनंतर.

रविवार, १८ नोव्हेंबर

गोड बातमी. शुभांगीच्या मनात एक मुलगा आहे. कमळने दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. आनंदाची गोष्टसुद्धा ही पुटपुटते. मुलगा शेखर, हिच्याच क्लासमध्ये शिकवतो. घरचे निफाडचे, द्राक्षबाग, ऊस. आपल्यातलेच. वडील खंडेराव, शब्दाचे पक्के म्हणून तालुक्यात नाव.

मी म्हणालो, बोलवा. शुभांगीने मागून येऊन माझ्या गळ्यात हात टाकले, पाचवी-सहावीत असताना टाकायची तसे. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर उलटा होता, हे कमळने नंतर सांगितलं.

रविवार, २ डिसेंबर, संध्याकाळ

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पुढे कोणी उलटसुलट बोललं तर असावं.

पाहुणे अकराला आले. खंडेराव, त्यांच्या सौ. आणि शेखर. मी सनईची रेकॉर्ड लावूनच ठेवली होती, दारातच कानावर सूर पडावेत म्हणून. शेखर चांगला मुलगा. समोर बघून स्वच्छ बोलतो, त्याचं सगळं कळलं. खंडेराव उंच, पांढरी टोपी, मिशा अशा की ओठ दिसत नाहीत. आवाज देवळात बोलल्यासारखा. पोहे झाले. बायका आत गेल्या. शेखर जीपमधून काकवीचा डबा आणायला बाहेर गेला. आम्ही दोघेच उरलो.

खंडेराव माझ्याकडे सरकले आणि म्हणाले, "आम्हाला हुंडा रोख. लग्न तेवढं चांगलं करून द्या." वर हसले!

मी उठलो. हात जोडले. म्हणालो, आमची मुलगी बाजारात मांडलेली नाही. या आता. ते बघतच राहिले, काहीतरी पुटपुटले. मी दार उघडून धरलं. त्यांनी टोपी नीट केली, बायकोला हाक मारली आणि निघाले. शेखर दारात डबा घेऊन उभा होता. तो डबा तसाच परत गेला.

सनई शेवटपर्यंत वाजत होती.

कमळ रडते आहे. बायकांना तत्त्व कळत नाही. बाप म्हणून आज मला माझा अभिमान वाटला.

सोमवार, ३ डिसेंबर

शुभांगी म्हणते, खंडेराव "हुंडा नको" म्हणाले. शेखरने तिला सांगितलं. आता सांगणारच! नको आणि रोख यातला फरक मला कळत नाही? माझ्या कानांनी ऐकलं.

ती समोर बसली. सावकाश बोलली, लहान मुलाशी बोलतात तसं. बाबा, एकच फोन करा. ऐकण्यात चूक झाली म्हणा. त्यांचं एवढंच म्हणणं आहे, घरी बोलावून हाकललं ते का, हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगावं.

चूक झाली असती तर केलाच असता. शिवाय फोनवरून असलं नाजूक बोलणं, आणि आमची ती लाइन.

रविवार, १६ डिसेंबर

शेखर एकटा आला होता. नम्र आहे. म्हणाला, काका, तुम्ही नुसतं निफाडला चला, मी नेतो, बोलायचं ते मी बोलतो. मी म्हणालो, वडिलांची बाजू घेतोस हे मला आवडलं, पण खोट्याला साथ देऊ नये. पाया पडून गेला. शुभांगी त्याला सोडायला खाली गेली, तासाभराने वर आली.

नंतर कमळने कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. वा! मुलीचं लग्न मोडलं की बाप बहिरा. मी जेवलो नाही. (नंतर पोळी-गूळ खाल्ला.)

डेकला नवी सुई आणली. फरक नाही. नवी म्हणून जुनीच दिली असणार.

रविवार, १३ जानेवारी २००२

शेखरचं लग्न जमलं. पिंपळगावकडची मुलगी. शुभांगीने जेवताना सांगितलं, मला भात वाढत. मी म्हणालो, बघ, तिथे मिळाला असेल रोख. तिने वरण वाढलं. शहाणी आहे, पटलं असावं.

विषय संपला. घरात आता शांतता आहे.

शनिवार, ९ फेब्रुवारी

डेक रिक्षात घालून चंदरकडे नेला. म्हणालो, परत घे. याचा वरचा आवाज पहिल्या दिवसापासून मेलेला आहे.

त्याने लावून पाहिला. ठिपके उभे, वेग बरोबर. सुई भिंगाखाली पाहिली, नवी करकरीत. मग स्वतःची एक रेकॉर्ड लावली आणि माझ्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने बोट वर केलं. म्हणाला, "काका, आता झांज चालूये. येतीये का?"

मी म्हणालो, झांज कुठे आहे?

त्याने दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं. गिऱ्हाईक म्हणालं, वाजतेय की, केवढी.

चंदरने सुई उचलली. मला स्टुलावर बसवलं, समोर उकिडवा बसला. म्हणाला, "मशीनला काय झालेलं नाय, काका. मघाशी तुम्ही आलात तेव्हा मी मागून तीन हाका मारल्या. माझा डावा कान असाच गेला, स्पीकरपुढं उभं राहून राहून. आपल्या लाइनीत जातोच. दाखवून घ्या."

मी डेक उचलला आणि घरी आलो. चंदर धंदेवाला माणूस. परत घ्यायचा नाही म्हणून काहीही सांगेल.

तरी कमळला म्हटलं, तुझ्या समाधानासाठी जाऊ एकदा डॉक्टरकडे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. मी वाट बघत होतो. बऱ्याच वेळाने म्हणालो, ताई, सुरू करा. ती म्हणाली, निम्मी टेस्ट झाली.

कागदावर आलेख दिला. रेघ थोडा वेळ सरळ चालते, मग उतारावरून गडगडते. डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात होता का? मी म्हणालो, सव्वीस वर्षं. ते म्हणाले, बारीक आणि वरचे आवाज आधी जातात. माणूस बोलतोय ते कळतं, काय बोलतोय ते निम्मं आपण मनाने भरतो.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्यावर मी त्या ताईंना म्हणालो, एक काम करा. तोंडापुढे कागद धरा आणि दहा वेळा बोला. कधी "हुंडा नको" म्हणा, कधी "हुंडा रोख". क्रम तुमच्या मनाने. ती गोंधळली, पण तिने केलं. मी उत्तरं दिली, तिने टिकमार्क केले.

दहापैकी पाच बरोबर. छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते.

कमळ बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पर्स उघडली, बंद केली.

तंबाखू खाल्ली. दोनदा.

रविवार, २४ फेब्रुवारी

एसटीने निफाडला गेलो. एकटाच. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं.

मळ्यात मांडवाचे बांबू अजून उभे होते. लग्न मागच्याच रविवारी झालं. शेखर आणि सूनबाई देवदर्शनाला गेले होते. खंडेराव ओट्यावर बसले होते. मी कागद काढला, पण वाचता येईना. नुसतं म्हणालो, दादा, मला ऐकू येत नाही. त्या दिवशी मी तुमचं उलटं ऐकलं.

त्यांनी मग हात धरून मला जवळ बसवलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मोठ्याने म्हणाले, "आहो पाव्हणं, त्याच दिवशी सांगायचं ना, कमी ऐकू येतं म्हणून. मी जोरात बोललो असतो! त्यात काय लाजायचं?"

चहा पाजला. स्टँडपर्यंत सोडायला आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर शुभांगीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. त्याचीही तयारी केली होती. ती म्हणाली, "बरं केलंत, बाबा, जाऊन आलात." आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

रविवार, ३ मार्च, दुपार

कानामागे लावायचं मशीन काल मिळालं. आज जेवण झाल्यावर नीट लावलं. केवढा गोंगाट! पंखा कुरकुरतो. पेपरचं पान उलटलं तर पत्र्यासारखं वाजतं. माझ्या चपला एवढ्या फटफट करतात, हे कोणी कधी सांगितलं नाही. कमळच्या बांगड्या स्वयंपाकघरात किणकिणत होत्या. ते ऐकत दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.

मग म्हटलं, आता झांजा ऐकू. डेक चालू केला, ठिपके उभे राहिले. सुई ठेवणार तेवढ्यात एक बारीक आवाज आला. थांबून थांबून. डेकच कुठेतरी कुरकुरतोय वाटलं. बटण बंद केलं. तरी येतच होता. प्लग काढला. तरी येतच होता.

आवाजामागे गेलो. शुभांगीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाठ हलत होती.

स्वयंपाकघरात येऊन कमळला विचारलं, कधीपासून?

कमळ म्हणाली, "पाहुणे परत गेले त्या रविवारपासून. रोज." मग म्हणाली, "हळू बोला. तुम्ही मशीन लावलंय हे तिला माहीत नाही. दार लावून घे म्हटलं होतं मी. म्हणाली, कशाला, बाबांना कुठे ऐकू जातंय."

बाहेर येऊन खुर्चीत बसलो. मशीन काढून डबीत ठेवलं. सगळं एकदम शांत झालं.

मग परत लावलं. ती थांबेपर्यंत बसून राहिलो.