कपाळावर कुंकू असलेला लॅपटॉप

नाशिक,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप कुसुमआत्यास,

दिवाकरचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे तो सध्या कागदावरच घालता येतो, तेव्हा पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? हवेत जरा गारवा आला की ते कुरकुरतात, म्हणून विचारतो. शेखर सांगत होता की आतोबा गेल्यापासून तू अंगणापर्यंतसुद्धा येत नाहीस, दिवसभर खिडकीशी बसतेस आणि पोटच्या पोराने काही म्हटलं की, आता माझा कुणाला काय उपयोग, एवढंच बोलतेस. ऐकून मला फार वाईट वाटलं. पण तो विषय आज नाही. आज तुला एका लॅपटॉपची हकीकत सांगायची आहे.

झालं असं, की चौतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि घरात सगळ्यांच्या पायात येऊ लागलो, तेव्हा पुण्याच्या एका संस्थेने मला काम दिलं. हरसूलच्या पुढे मुलींची एक निवासी शाळा आहे. तिला तीस स्वस्त लॅपटॉप द्यायचे होते, आणि ते कसे असावेत हे ठरवायला त्या भागातला माणूस हवा होता. चार पानी फॉर्म होता. तो भरायला मी शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. समोर नागलीची शेतं, त्यामागे डोंगर, डोंगरावर ढग बसलेले. तुला माझी खोड माहीत आहे. लहानपणी तू म्हणायचीस, हा पोरगा वर्गात बसतो आणि खिडकीतून निघून जातो. तसाच निघून गेलो. मला तिथे तीस मुली दिसायला लागल्या, बांधावर, झाडाखाली, विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक लॅपटॉप, आणि सगळीकडे पानं वाऱ्याने हलतात तेवढाच आवाज.

त्या तंद्रीत मी फॉर्म भरला. पडदा असा हवा की भर उन्हात वाचता यावा, रंग गेले तरी चालतील. आत पंखा नको, कारण पंखा आला की धूळ आली. बटणं रबराची आणि एकसंध, म्हणजे पाणी सांडलं तर पुसून घेता येईल. वीज कमीत कमी खाणारा, आणि वीज नसताना हाताने हँडल फिरवून चार्ज होणारा. आतली सगळी प्रणाली फुकट वाटता येणारी, मराठीतली. (संस्थेने आधी दाखवलेल्या नमुन्यात इंग्रजी प्रणाली होती. ती सुरू होईपर्यंत शाळेचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सिंधुबाईंचा भात शिजून खाली उतरायचा.) कॅमेरा पडद्याच्या वर, बरोबर मधोमध, म्हणजे बोलणारा डोळ्याला डोळा भिडवून बोलेल. शेवटी रंग विचारला होता, तर मी कारवीच्या फुलासारखा असं लिहिलं. अशा फॉर्मवर काळा किंवा करडा लिहितात हे मला नंतर कळलं. दोन महिन्यांनी नमुन्याचा एक लॅपटॉप आला आणि तो खरोखरच जांभळा होता. आत्या, मी खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात माझं कुणी इतकं शब्दशः ऐकलं नव्हतं.

आता दसरा. शाळेत त्या दिवशी पाट्या, पुस्तकं, कोयते, विळ्या, सगळं मांडून पूजा होते. सिंधुबाई त्या पूजेच्या सर्वेसर्वा. त्यांनी लॅपटॉपही पाटावर मांडला. हळदीचं पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या, आपट्याची पानं वाहिली. (रबराची बटणं मागितली म्हणून संस्थेचे लोक मला हसले होते. त्या दिवशी ती बटणं नसती तर आत पुलाव झाला असता.) मग कुंकू लावायची वेळ आली. कुठल्याही वस्तूला कुंकू लावायचं तर आधी तिचं कपाळ शोधावं लागतं, आणि लॅपटॉपचं कपाळ कुठे असतं हे सिंधुबाईंना पाहताक्षणी कळलं. वर, बरोबर मधोमध, एक छोटा गोल काळा ठिपका. जणू खूण करूनच ठेवली होती. त्यांनी ओलं कुंकू तिथे ठसठशीत लावलं.

दोन दिवसांनी संस्थेच्या वेदिका मॅडम लॅपटॉपवरूनच शाळा बघणार होत्या आणि पाहून तिसांचं ठरवणार होत्या. वेळेवर फोन लागला आणि आमच्याकडून जे चित्र गेलं ते सगळं लाल. मी खिशातून रुमाल काढला. सिंधुबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "सर, दसऱ्याचं कुंकू हाय. पुसायचं नाय. आपल्या आपण जाऊ द्या." मी त्यांना कॅमेरा समजावून सांगितला, त्यांनी मला रीत समजावून सांगितली, आणि त्यांची रीत माझ्या कॅमेऱ्यापेक्षा जुनी निघाली. तोवर पलीकडे मॅडम पडद्याशी वाकून बघत होत्या. त्यांना मुली दिसत होत्या, डोंगर दिसत होते, सगळं कुठल्याशा न संपणाऱ्या संध्याकाळीत बुडालेलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे सकाळी अकरालासुद्धा असा उजेड असतो?" मी हो म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. मुली कविता म्हणत होत्या, मी पुन्हा खिडकीतून निघून गेलो होतो, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

चार्ज संपला होता. आदल्या दिवशीपासून वीज नव्हती आणि हँडल फिरवण्यावरून मुलींची ओढाओढ होऊन ते हातात आलं होतं. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला. बाकी सगळं पसंत आहे, रंगसुद्धा. पण विजेशिवाय सलग तीन तास चालवून दाखवा. येत्या बुधवारी पुन्हा बघू. नाही जमलं तर नेहमीचे काळे लॅपटॉप पाठवू, म्हणजे वीज असेल तेव्हाच चालणारे. आत्या, तिकडे पावसाळ्यात वीज आठवड्यातून किती वेळा येते ते विचारू नकोस. ते तीस डबे कपाटात कुलूपबंद राहतील, आणि बांधावर बसलेल्या माझ्या मुली मला पुन्हा कधी दिसायच्या नाहीत.

तुझी तब्येत जप. शेखरला आशीर्वाद.

तुझा,
दिवाकर

ता. क. हाताने जमत नसेल तर पायाने जमेल, हे मला परवा सुचलं. शिवणाच्या मशीनच्या चाकाला सायकलचा डायनामो टेकवायचा, मध्ये चार्जिंगची एक छोटी पेटी, की झालं. तुझं पायडलचं मशीन खिडकीशी नुसतंच उभं असतं. माझा शाळेचा पहिला गणवेश त्याच मशीनवर शिवला गेला, तेव्हा थोडा हक्क माझाही आहे. ते देशील का?

ता. क. २. तू नाही म्हणशील या भीतीने शेखरशी आधीच ठरवून टाकलं आहे. मशीन गाडीत चढवून झाल्यावरच तो हे पत्र तुझ्या हातात देईल. तेव्हा खिडकीशी मोकळी जागा दिसत असेल तर घाबरू नकोस.

ता. क. ३. आता खरं सांगतो. मशीन हरसूलमध्येही मिळालं होतं. बाजारातल्या मल्हारी शिंप्याने स्वतःचं दिलं, मी दिवसभर त्यावर बसून पाहिलं. मी पाय मारले की चाक उलटं फिरतं. मुलींचंही तसंच, दोन फेरे पुढे, एक मागे, आणि लॅपटॉप डोळे उघडून पुन्हा मिटतो. मल्हारी म्हणाला, "सर, मशीनचं काय नाय. पाय बसलेला माणूस पायजे, तवा पोरी शिकतील." पन्नास वर्षं पाय बसलेलं आमच्या घरात एकच माणूस आहे. बुधवार जवळ आला आहे. सिंधुबाईंनी तुझी खाट व्हरांड्यालगतच्या खोलीत घातली आहे. गाडीत पुढच्या सीटवर तुझी उशी ठेवलेली आहे, चप्पल घाल.