डाव्या हाताचा रंधा

कवठे येमाई
दसऱ्याचा दुसरा दिस, सन २००४

चिरंजीव हनुमंतास,

आईचा आशीर्वाद. आम्ही खुशाल हाय. शेळीला जुळी करडं झाली. तुझी पूनम माझ्याकडं शाळंला हाय म्हणून घर भरल्यावानी वाटतं. तिकडं दौंडात सूनबाई बरी आसंल. एरवी माझी पत्रं पूनम लिवती, पण आज तिला न्हाई सांगितलं. दुसरी शिकल्यालीचं अक्षर हाय, सावकाश वाच.

तुझी चिठ्ठी पोचली. रंधा मारायची मशिन पुन्हा महागली, दुकानदार वरचे पैसे मागतो, त्याबदली आण्णांच्या लाकूड कोरायच्या पटाश्या घ्यायला तयार हाय, तर हत्यारांची पेटी एसटीनं धाड म्हणतोस.

मशिन महागली ते पटतं. शेंगदाणंबी महागलं. चांगलं हत्यार चांगल्या पैशालाच येतं, सुताराच्या घरात नांदले, मला कळतंय. गेल्या साली स्वस्त बघून आणलीस, तिचं पातं बाभळीच्या पहिल्याच गाठीवर उडालं. तवा मी बोलले का? आता चांगली घे. पण मेलेल्या बापाच्या पटाश्या देऊन?

आन् त्यांच्या रंध्याचं काय रे? पोळ्याला आलास तवा "आई, धार लावून आणतो" म्हणून नेलास. खंडेनवमीला मी हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, रंध्याच्या जागी सुपारी ठिवली. पूनम म्हणाली, "आजी, पप्पांनी रंधा आणला न्हाई व्हय?" मी म्हणलं, "धार लावायला टाकलाय गं." तुझं खोटं माझ्या तोंडात, तेबी पुजेला बसून!

तेवढ्यात वरवंडचा महबूब आला. आण्णांची सगळी पाती त्यानंच घडवल्याली, तुला ठाऊक हाय. पिशवीतनं रंधा काढला आन् सुपारीच्या शेजारी ठिवला. "वहिनी, दौंडात मशिनच्या दुकानात काचेमागं होता. हनुमंतानं जुन्याच्या बदल्यात दिला म्हणं. कुणाच्या बंगल्यात शोभंला इकणार व्हते. ह्या पात्याला पाणी मी दिलंय, मी वळखणार न्हाई व्हय?"

मला मान वर करवंना. काय देऊन सोडवला इचारलं, तर म्हणतो, "चहा टाका, साखर जादा."

शोभंला! ज्या रंध्यावर तू जेवलास, तो शोभंला! अजून अंगाची आग हुतीया.

"वाकडा हाय, हातात बसत न्हाई" म्हणायचास न्हवं? वाकडा न्हाई तो. आण्णा डावखुरे. त्यांच्या अंगठ्यानं झिजून खळगा तुम्हा उजव्या हातवाल्यांच्या उलट्या अंगाला पडलाय. बापाचा हात कोणता, एवढं तरी ध्यानात ठिवायचं!

आन् तुझ्या पोरीचा डावा हात ताटाकडं गेला की चापट कोण मारायचं?

आता ऐक. रागात हाय, तरी सांगितल्याबिगर राहवंना. काल सोनं वाटून आलो, पुजा उतरली, आन् पूनमनं रंधा उचलला. डाव्या हातानं. अंगठा खळग्यात असा बसला, जणू तिच्यासाठीच झिजवून ठिवला हुता. जुन्या फळीवर सरकवला तर पापुद्रा निघाला लांबच्या लांब, वळ्यावळ्याचा. खुळीनं तो येणीत माळला! मी टाळ्या पिटल्या बघ. शेजारची सरूबाई पळत आली, तिला वाटलं म्हातारीला काय झालं. "आजी, तुला चौरंग करू?" म्हणती. कर की माझे बाई.

तवा पटाश्या येणार न्हाईत. रंधाबी न्हाई. ती पेटी पूनमची. दुकानदाराला सांग, आई देत न्हाई. मशिन तुझ्या कमाईची आण, मी तिलाबी कुंकू लावीन.

दिवाळीला ये. आधी वरवंडला उतर, महबूबला भेट. काय बोलायचं ते तुझं तुला कळतंय. मग घरी. दारात पूनम डाव्या हातानं पाण्याचा तांब्या देईल. दोन्ही हातांनी घ्यायचा.

अजून राग न उतरलेली,
तुझी आई
बयाबाई