एकटीनं वर

आखन, जर्मनी. शनि., ११ मे

सासूबाई सांगलीहून आल्या. फ्रिजवरचा फोटो बघून पहिला प्रश्न, "ही चिनी बाई कोण गं?"

सांगितलं. शांघायच्या मूकपटांतली हिरॉइन. ऐन भरात सिनेमा सोडला नि विमान शिकली. त्या काळात!

"आणि घरचे?"

नवरा, दोन मुलं मागे राहिली, तेही सांगून टाकलं. लपवायचं कशाला.

सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, फोटो पुन्हा निरखला. मग, "तू सिरियलमध्ये बरी होतीस."

सिरियलमध्ये! वर्षानुवर्षं धाकटी जाऊ. चहाचा ट्रे धरायचा आणि दचकायचं.

रवि., १९ मे

ग्लायडिंग क्लबवर दोन उड्डाणं. मागच्या सीटवर युर्गन, माझा शिकवणारा. लँडिंग झकास. म्हणाला, "आल्झो... तर मग, पुढच्या वेळी मी खाली थांबतो." म्हणजे एकटी!! ते बिनइंजिनाचं विमान आणि मी.

जेवताना नवरोबांचं फर्मान: "एकदा जा एकटी. हौस फिटली की बंद. रेवा लहान आहे, तिला आई लागते." मी "बघू" म्हटलं. भित्री कुठली.

मंगळ., २१ मे

कुकर घासता घासता आई: "तुझी ती चिनी बाई पडली नाही कधी?"

पडली की. कसरती करताना थेट विमानाबाहेर. पॅराशूटनं वाचली.

"मग सोडलं असेल."

"नाही हो आई. परत उडली."

"कमाल आहे बाई," म्हणाल्या आणि तोच कुकर पुन्हा घासत बसल्या.

शनि., २५ मे

गेले!! वर ओढून नेणारा दोर सुटला, आणि मागून सूचना द्यायला कुणी नाही. मोठ्यांदा हसले. मग चक्क रडले. तिलाही असंच वाटलं असेल? काय माहीत. तिच्या मुलांना काय वाटलं, तेही कुणाला माहीत.

उतरले, तर क्लबची प्रथा. पहिल्यांदा एकटं उडणाऱ्याच्या पार्श्वभागावर सगळ्यांनी एकेक फटका मारायचा. गरम हवा वर उचलते ते बुडाला कळायला हवं म्हणे! रांग लागली. सगळे हलकेच मारत होते. युर्गननं बघायला आलेल्या आईंनाही अदबीनं बोलावलं. वाटलं, नको म्हणतील. पदर खोचून आल्या आणि असा सणसणीत ठेवून दिला की सगळे हसायचे थांबले. वळून बघते तर आईंच्या डोळ्यांत पाणी.

"तू वर होतीस तेवढा वेळ..." खोचलेला पदर सोडून त्यांनी डोळे पुसले.

गाडीत नवरोबा: "झालं ना? आता पुरे."

"नाही," म्हटलं. "पुढच्या शनिवारीही जाणार."

त्यानं रेडिओ लावला. मागे आई होत्या. त्यांनी 'पुरे' म्हटलं नाही.