सुटे अंगठे

आये, तू आमच्या घरात उताणं निजायची बंदी घातली होतीस. ती मी म्हातारी होईपर्यंत पाळली. काल मोडली, म्हणून लिहायला बसले.

बाबा खाणीवर दरडीखाली गेले तो दिवस मला अजून दिसतो. त्यांना आणून बाहेरच्या खोलीत जमिनीवर ठेवलंय, पाय दक्षिणेला, अंगठे दोरीने बांधलेले, केसांत तांबडी माती तशीच. मी लहान. बाबा वर काय बघतात ते बघायला मी त्यांच्या शेजारी पाय जुळवून उताणी पडते. तू रडता रडता थांबलीस आणि माझं मनगट धरून मला फरफटत उठवलंस. "ऊठ गो चेडवा! ह्या घरात परत कोण असां निजूचां नाय!" मग बाबांच्या जागी तू खाणीवर पाट्या वाहायला लागलीस. निजायचीस ती कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. भोंगा वाजला की उठून चालायला तयार. झोपेत मी उताणी झाले तर तुझा हात यायचा आणि मला कुशीवर ढकलायचा.

गेल्या गणपतीच्या चवथीनंतर माझं तोंड वाकडं झालं. चहा हनुवटीवरून पातळावर. संध्याकाळपर्यंत सरळ झालं, पण डॉक्टर म्हणाला, "प्रेशर असंच राहिलं तर दुसरा झटका येईल. गोळ्या घ्याच, पण अंग सैल सोडायलाही शिका." सैल सोडायला! आमच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नाही ते. पण भ्याले, खोटं कशाला बोलू. अंथरुणात पडून दुसऱ्याच्या हातून जेवायचं म्हणजे मरण बरं. म्हणून मुळगावच्या देवळात, मंडपात सकाळी योग शिकवतात तिथे गेले. शिकवणारी पोरगी पार्से गावची, माझ्या नातीएवढी, जिभेला हाड नाही. "काकी, पोट रिकामं ठेवून या, पाव-भाजी चेपून नको." श्वास नाकाने घ्यायचा, घेताना पोट फुगू द्यायचं, सोडताना आणखी सावकाश सोडायचा. मला प्रेशर, म्हणून दम कोंडायचा नाही, डोकं खाली टाकायचं नाही. अंग जाईल तेवढंच न्यायचं, शेजारणीचं बघून ओढाताण नको. मला वाटलं, हे काय शिकवणं! श्वास तर जन्मल्यापासून घेतेय. पोटावर हात ठेवला तेव्हा कळलं, माझं पोट हलतच नाही. श्वास छातीतूनच परत फिरतो. हळूहळू खांदे उतरले, गुडघे कुरकुरायचे थांबले, झोपही बरी लागायला लागली.

शेवटचं आसन तेवढं मी करत नव्हते. शवासन. मेलं नावच बघ! सगळ्या आडव्या व्हायच्या आणि मी खांबाला टेकून बसायची. पोरगी चिडली. "सगळं करता आणि मुख्य तेच सोडता? अंग सुटणार कसं, आणि प्रेशर उतरणार कसं?" तेव्हा मी तिला बाबांचं सांगितलं. ती माझ्या पायांशी येऊन बसली. मग म्हणाली, "पाय जुळवायला कोणी सांगितलं, काकी? पाय लांब लांब ठेवा, तळवे वर. मेलेल्याचे अंगठे बांधतात. आपले सुटे असतात."

काल निजले. मान उचलून आधी अंगठे बघून घेतले. डोळे मिटल्यावर बाबा दिसतील वाटलं होतं, पण दिसलीस तू. तू गेलीस आणि तुला जमिनीवर घेतलं तेव्हा तुझे गुडघे सरळ होईनात. बायका म्हणाल्या, "दाब गो," आणि मीच माझ्या हातांनी दाबले. इतक्या वर्षांनी तू उताणी निजलीस, तीही अंगठे बांधून घेऊन. मला तुझा राग आला, आये. बंदी आम्हाला घातलीस ती घातलीस, स्वतःला कशाला? मंडपात पडल्या पडल्या रडले, कानांत पाणी गेलं, आणि श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत उतरला.

पोरगी म्हणाली, "आता कुशीवर वळा आणि सावकाश उठा." बाकीच्या वळल्या, उठल्या, सतरंज्या गुंडाळून गेल्यासुद्धा. मी उताणीच. तिला वाटलं मला आसन जमलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते: तुझा हात येईल आणि मला ढकलील, म्हणून मी पडून राहिले होते.