माझी तीन मिनिटं

प्रिय तेसोप,

हे अक्षर माझंच आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. गिचमिड दिसेल, पण तू एवढा मोठा प्राध्यापक, घेशील लावून.

अभिनंदन हो! नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथेआधी जी समिती नेमली, तिच्या शिक्षणविभागाचा तू प्रमुख झालास, हे मला आमच्या नाम बाईंनी सांगितलं. आमच्या म्हणजे शाळेतल्या. गेल्या वर्षी आपल्या सोंगदल गावच्या शाळेत पहिलीला एकही मूल मिळेना. मुख्याध्यापक दारोदार फिरले आणि शेवटी आम्हा तीन म्हाताऱ्यांच्या पाया पडले. आजी, दप्तर मी देतो, तुम्ही फक्त बसा, म्हणाले. तर बहात्तराव्या वर्षी तुझी ताई पहिलीत बसली, आता दुसरीत आहे. शाळेत आम्ही सगळे मिळून चौदा. दुसरी-तिसरी एकत्रच बसते, म्हणून माझ्या बाकावर तिसरीतली हारिन नावाची आठ वर्षांची पोर असते. ती माझी वही तपासते, आजी, पुन्हा चुकलात ना, म्हणून डोळे वटारते आणि माझ्या ताटातला मुळा पळवते.

तुझ्या समितीच्या शिफारशींची यादी पेपरात आली, तिच्यातला पहिलाच मुद्दा मी बोट ठेवून वाचला. साठापेक्षा कमी मुलांच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करायच्या. जवळची म्हणजे बसने सव्वा तास, बाबा! हिवाळ्यात घाटात बर्फ साचतो तेव्हा हारिनने काय करायचं? तुला हे ठाऊक नाही असं कसं म्हणू? तू याच शाळेत शिकलास. मीच तुला पाठुंगळी घेऊन जायचे आणि फाटकाबाहेरून परत फिरायचे. दोघांना शिकवणं परवडत नाही, असं आप्पा म्हणाले होते आणि तू मुलगा होतास.

आणि परवा टीव्हीवर काय म्हणालास? ताईला अभ्यासाची आवडच नव्हती, ती आपणहून राजधानीत, सोलला कामाला गेली! वा रे वा! सोळाव्या वर्षी मी केसांचे टोप विणायच्या कारखान्यात गेले, ते काय हौसेने? तुझ्या फीसाठी! सुईने बोटांची चाळण झाली. तुझ्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला पहाटेच्या थंडीत उभी राहून केंद्राच्या फाटकावर यतची, म्हणजे तांदळाच्या पाकाची, चिकट वडी लावली, पास होणं तुला चिकटावं म्हणून. चिकटलं. मग मी नकोशी झाले.

मला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझी पत्रं कारखान्यातली माझ्याच खोलीत राहणारी मल्सुन वाचून दाखवायची. तुझ्या पदवीदानाआधी आलेलं पत्र वाचताना ती मध्येच थांबली, खोकली आणि म्हणाली, ताईने नक्की यावं, असं लिहिलंय. मी फुलं घेऊन आले. तू मित्रांना सांगितलंस, ही आमच्या घरमालकिणीची कामवाली. पोरगा गडबडला असेल, अशी चाळीस वर्षं मी मनाची समजूत घातली.

या हिवाळी सुट्टीत ती पत्रं काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः वाचली. तू लिहिलं होतंस: "येऊ नकोस. तुझे हात बघून लोक विचारतील. माझी बहीण अडाणी आहे हे इथे कुणाला माहीत नाही आणि कळायलाही नको." मल्सुनने माझ्यासाठी खोटं वाचलं, देव तिचं भलं करो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी भूक लागली आणि डोकंही चालायला लागलं.

पुढच्या गुरुवारी तू जिल्ह्याच्या गावी जनसुनावणीला येणार आहेस. बोलणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं आहेत आणि मी नाव दिलं आहे. शाळेबद्दल मुख्याध्यापक बोलतील, हारिनची आई बोलेल. मी तुझं ते पत्र वाचणार, तारखेसकट, कॅमेऱ्यांसमोर. पहिला मुद्दा खोडलास तर शाळा वाचेल, मला आनंदच आहे, पण मी वाचणारच. आजारी पडायचं सोंग करू नकोस, मी रिकाम्या खुर्चीलाही वाचून दाखवीन. तुला आधी कळवते आहे ते एवढ्याचसाठी, की येईपर्यंतचे दिवस तुला झोप लागू नये. नाम बाई घड्याळ लावून रोज माझा सराव घेतात. अडखळत वाचलं तरी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत होतं. उरलेले वीस सेकंद मी तुला देईन. मी तुझी कोण, ते तेवढ्यात सांग.

तुझीच सख्खी बहीण,
ओक्बुन
इयत्ता दुसरी