अंगाला तेल लावायचं नाही

इलोइलो, ९ ऑगस्ट, सकाळ

प्रिय मानांग सोकोर्रो,

तुझे गुडघे बरे असतील, आणि मठात सगळ्या सुखरूप असतील.

आज आंघोळ करताना बोर्डिंगमधलं न्हाणीघर आठवलं. आपण पायघोळ झगा घालूनच अंगावर पाणी घ्यायचो. झग्याच्या आत साबण कसा फिरवायचा ते थोरली बहीण म्हणून तूच शिकवलंस. "खाली बघायचं नाही, पुरिंग. छताकडे बघ आणि नमो मारिया म्हण." छतावर एक पाल असायची. माझ्या लहानपणच्या अर्ध्या प्रार्थना तिनंच ऐकल्या.

हे पत्र सारखं अडतंय. मधेच उठते, चहाचं आधण ठेवते, गॅस बंद करते, कुंड्या इकडच्या तिकडे करते.

तर बातमी. भेटीच्या खोलीतली जाळी घट्ट धर. मी पोल डान्स शिकतेय. हो, तोच, खांबावरचा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत, अंगाचा भार पेलणारा व्यायाम करा. आणि शेजारच्या डेल्फिनाच्या मायलीननं बेकरीच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग काढलाय.

पहिल्या दिवशी खांदे दुखतील म्हणून मी घरूनच खोबरेल चोळून गेले. खांब धरला आणि सरळ खाली घसरले.

"तिता पुरिंग! मासे तळायला आलात का?" मायलीन ओरडली. "इथे कातडीच खांबाला धरते. तेल नाही, क्रीम नाही, अंगठी नाही. आणि ही लांब पँटही नाही."

"मग काय घालू?"

"चड्डी, तिता. मांड्या उघड्या हव्यात."

"मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेय, बाई."

"मग सिस्टरांना खाली बसवा आणि तुम्ही वर चढा."

सगळा वर्ग हसला. मीही.

आता मी शहाणी झालेय. वर्गाआधी भात नाही, फक्त एक केळं. आधी खांदे आणि मनगटं हलवून गरम करायची. ओला टॉवेल पिळून पिळून मूठ घट्ट केलीय. एक दिवस सराव, एक दिवस विश्रांती, नाहीतर मायलीन रागावते. मांड्यांवर जांभळे डाग पडलेत आणि मी ते कौतुकानं बघते. गेल्या महिन्यात पाय जमिनीवरून उचलून खांबाभोवती अख्खी गिरकी घेतली. बाया अशा ओरडल्या की खालून बेकरीवाला धावत आला.

समोर भिंतभर आरसा आहे. मानांग, बासष्ट वर्षांत मी स्वतःला असं पाहिलंच नव्हतं. माझ्या नवऱ्यानंही नाही. दिवा मालवायचा आग्रह माझाच असायचा. देव त्याला शांती देवो.

आत्ता पुन्हा उठले होते. आले.

हात वर करून खांब धरला की डाव्या छातीची कातडी काखेजवळ आत ओढली जाते. मला वाटलं, वय. मायलीननं आरशात पाहिलं. वर्ग सुटल्यावर जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "तिता, उद्या मी सुट्टी घेते. आपण दवाखान्यात जाऊ."

गुरुवारी ऑपरेशन आहे. लवकर सापडलं म्हणतात. मला भीती वाटते, पण त्यासाठी लिहीत नाहीये.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं? मी म्हटलं, आईला. मावशीलाही. "आणि बहीण?" मी म्हटलं, एक आहे, थोरली, पण ती मठात असते, बाहेर येत नाही. त्या म्हणाल्या, "या दुखण्याला मठाची भिंत अडवत नाही हो."

तू अजूनही स्वतःकडे बघत नसशील. मी ओळखते ना तुला. म्हणून झोप नाही मला.

या पत्रासोबतच्या पिशवीतली अंडी मदरना दे. लोक लग्नाच्या दिवशी पाऊस नको म्हणून मठात अंडी आणतात, तुम्ही प्रार्थना करावी म्हणून. माझी तुझ्यासाठी आहेत. तुला तपासणीला पाठवा, अशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही मदरनाच, तुझ्या हातानं, आजच. त्या कडक आहेत, निर्दयी नाहीत. गुरुवारी काही उलटसुलट झालंच, तर शिलाई मशीन मायलीनला, कुंड्या डेल्फिनाला. फडक्यात गुंडाळलेला छोटा आरसा तुझा. परवानगी नसेल तर नंतर फादरांपुढे कबुली दे. पण आधी दार लाव, हात वर कर आणि बघ.

तुझ्या उत्तरासाठी दारातच उभी असलेली,
पुरिंग